विदागार सर्व्हरवरील प्रक्रियकाचा अतिवापर

विदागार, म्हणजेच डेटाबेस, सांभाळणाऱ्या सर्व्हरचा प्रक्रियक (सीपीयू) दीर्घकाळ आपल्या क्षमतेच्या टोकाजवळ काम करीत राहिला आणि त्यामुळे वापरकर्त्यांना मिळणारे उत्तर लांबू लागले, तर त्या स्थितीस विदागार सर्व्हरवरील प्रक्रियकाचा अतिवापर असे म्हणतात. तापाप्रमाणेच हे एक लक्षण आहे, स्वतंत्र रोग नव्हे. एकच सदोष क्वेरी, चुकीचा किंवा नसलेला इंडेक्स, जुनी सांख्यिकी, एकाच वेळी आलेली प्रचंड मागणी किंवा विदागाराशी संबंध नसलेला एखादा प्रोग्राम, यांपैकी कोणत्याही कारणाने ते दिसू शकते. म्हणून प्रक्रियकाचा वेळ नेमके कोणते काम खात आहे, हे आधी शोधणे आणि उपाय त्यानंतर करणे, हा या विषयातील मूलभूत नियम मानला जातो.

या लेखातील उदाहरणे प्रामुख्याने खान्देशातील जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील भूमी अभिलेखांसारख्या विद्यावर बेतलेली आहेत. क्वेरींच्या कालावधीचे व नोंदींच्या संख्येचे आकडे जेथे 'समजा' म्हणून दिले आहेत, तेथे ते केवळ समजुतीसाठी आहेत.

स्वरूप

प्रक्रियकाचा वापर टक्केवारीत मोजतात. एका सेकंदापैकी किती वेळ प्रक्रियक कामात होता, याचे ते प्रमाण असते. ८ कोअर असलेल्या सर्व्हरजवळ दर सेकंदाला एकूण ८ सेकंदांचा प्रक्रियक-वेळ उपलब्ध असतो. त्यांपैकी ६ सेकंद वापरले गेले, तर वापर ७५ टक्के होतो.

वापर अधिक असणे म्हणजे नेहमीच बिघाड नव्हे. रात्री चालणारे मासिक अहवालाचे काम प्रक्रियक पूर्ण वापरून लवकर संपत असेल, तर यंत्राचा तो योग्य उपयोगच होय. दिवसा, नागरिक खिडकीसमोर उभा असताना, तीच टक्केवारी चिंतेची ठरते. यासाठी टक्केवारीबरोबर उत्तरास लागणारा वेळ आणि रांगेत थांबलेल्या कामांची संख्या पाहणे आवश्यक असते.

रांगेचे गणित

वापर ९० टक्क्यांवर गेला म्हणजे १० टक्के क्षमता शिल्लक आहे, त्यामुळे काळजीचे कारण नाही, असा समज आढळतो. रांगांचे गणित वेगळे उत्तर देते. कोपनहेगन येथील दूरध्वनी कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एरलांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनीच्या मागणीवरील संशोधन प्रसिद्ध केले. रांगांच्या सिद्धान्ताचा पाया त्यातून घातला गेला.

एकच खिडकी असेल, माणसे अनियमित अंतराने येत असतील आणि प्रत्येकाच्या कामाला सरासरी १ सेकंद लागत असेल, तर या सिद्धान्तातील सर्वांत साध्या प्रारूपानुसार रांगेत थांबण्याचा सरासरी वेळ पुढीलप्रमाणे येतो :

५० टक्के वापर – १ सेकंद
८० टक्के वापर – ४ सेकंद
९० टक्के वापर – ९ सेकंद
९५ टक्के वापर – १९ सेकंद

९० वरून ९५ टक्क्यांवर जाताना मागणीत थोडीच भर पडते, पण प्रतीक्षा दुपटीहून अधिक होते. अनेक कोअर असलेल्या यंत्रात हे आकडे कमी येतात. आलेखाचे वळण मात्र तसेच राहते. सकाळी साडेदहापर्यंत सुरळीत चालणारी प्रणाली अकरा वाजता अचानक 'बंद पडल्यासारखी' वाटते, त्याचे कारण बहुधा या वळणात असते.

खान्देशातील संदर्भ

जळगाव जिल्ह्यात १५ व धुळे जिल्ह्यात ४ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या अनुक्रमे ४२,२९,९१७ व २०,५०,८६२ होती. कापूस, केळी व इतर पिकांवर अवलंबून असलेल्या या भागात सातबारा उतारा हा पीककर्ज, पीकविमा व जमिनीच्या व्यवहारांसाठी लागणारा पायाभूत दस्तऐवज आहे. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेखाचे पत्रक व गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही, यांच्या एकत्रित उताऱ्यास सातबारा म्हणतात.

राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ रोजी सुरू झाला. शेतकऱ्याने स्वतः पिकाची नोंद करण्याचा ई-पीक पाहणी उपक्रम १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर राबविला जात आहे. 'महाभूलेख' या संकेतस्थळावर गट क्रमांकाने किंवा खातेदाराच्या नावाने उतारा शोधता येतो. कागदी दप्तरातील शोध तलाठ्याच्या कार्यालयात होत असे. आता तो दूरच्या सर्व्हरवर, हजारो लोकांच्या शोधांबरोबर एकाच वेळी होतो.

ही मागणी वर्षभर सारखी नसते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरिपासाठी ३१ जुलै ही मुदत ठेवण्याचा प्रघात आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रात एक रुपयात पीकविमा देण्यात आला, तेव्हा ही मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढविण्यात आली होती. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत अर्जांची गर्दी होते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे येतात. अशा विद्यापीठांच्या निकालाच्या दिवशीही मागणीचे स्वरूप असेच, म्हणजे थोड्या वेळात दाटलेले, असते.

अशा वेळी सर्वत्र ऐकू येणारा 'सर्व्हर डाऊन' हा शब्दप्रयोग अनेक भिन्न बिघाडांना एकत्र बांधतो. गावातील इंटरनेट जोडणी, संकेतस्थळ चालविणारा सर्व्हर, ओळख पडताळणीची सेवा, साठवणूक आणि विदागाराचा प्रक्रियक यांपैकी काहीही अडलेले असू शकते. बाहेरून पाहणाऱ्याला पडद्यावर फिरणारे चक्र तेवढे दिसते. रावेर किंवा साक्री तालुक्यातून आलेल्या शेतकऱ्याचा मात्र त्यात एक दिवस व एक मजुरी जाते. मुदतीचा शेवटचा दिवस असल्यास विम्याचे संरक्षणही जाऊ शकते.

कारणे

इंडेक्सचा अभाव

पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीचे जे कार्य, तेच विदागारात इंडेक्सचे. सूची नसेल, तर शब्द शोधण्यासाठी पुस्तक पहिल्या पानापासून चाळावे लागते. विदागारातील अशा चाळणीस संपूर्ण तक्ता तपासणे असे म्हणतात.

समजा, एका तक्त्यात १ कोटी नोंदी आहेत व एका पानावर १०० नोंदी मावतात. सूचीविना एका गट क्रमांकासाठी १ लाख पाने तपासावी लागतील. बहुतेक विदागारे बी-ट्री या रचनेचा इंडेक्स वापरतात. रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅकक्राइट यांनी ती बोईंग कंपनीत असताना मांडली व १९७२ मध्ये ती नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एका पानावर २०० कळी बसत असतील, तर या रचनेच्या तीन पातळ्यांत ८० लाख व चार पातळ्यांत १६० कोटी नोंदी सामावतात. म्हणून १ कोटी नोंदींत हवी ती नोंद चार पाने वाचून सापडते.

पूर्वी अशा चाळणीत चकती अडत असे. आता स्मृती मोठी असल्याने संपूर्ण तक्ता स्मृतीतच राहतो, त्यामुळे चकतीवर ताण दिसत नाही आणि सर्व भार प्रक्रियकावर येतो. 'चकती मोकळी, प्रक्रियक १०० टक्के' हे चित्र इंडेक्सच्या अभावाची खूण असू शकते.

कोणताही इंडेक्स उपयोगी पडतोच असे नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या नोंदी एका तक्त्यात असतील, तर तालुका या स्तंभात १९ वेगवेगळी मूल्ये असतील. केवळ तालुक्यावरचा इंडेक्स सरासरी सुमारे ५ टक्के नोंदी पुढ्यात ठेवतो, म्हणजे १ कोटीपैकी ५ लाखांहून अधिक. तालुका, गाव व गट क्रमांक या तिन्ही स्तंभांचा मिळून केलेला एकच इंडेक्स मात्र थेट नोंदीपर्यंत पोहोचवितो.

स्तंभावरील प्रक्रिया आणि देवनागरी मजकूर

इंडेक्स असूनही तो वापरला न जाणे, हे दुसरे मोठे कारण होय. शब्दसूची अकारविल्हे लावलेली असते. त्यामुळे 'पा'ने सुरू होणारे शब्द तिच्यात चटकन मिळतात, पण 'टील'ने संपणारे शब्द शोधायचे असल्यास सारी सूची वाचावी लागते. नावाच्या मधला किंवा शेवटचा भाग शोधणारी क्वेरी अशीच वागते. गट क्रमांकात '१२३/२अ' अशी मूल्ये येत असल्याने तो स्तंभ मजकूर म्हणून साठवावा लागतो. क्वेरीने त्याची तुलना संख्येशी केली, तर काही विदागारे प्रत्येक नोंदीतील मजकुराचे संख्येत रूपांतर करू पाहतात आणि इंडेक्स निरुपयोगी होतो.

मराठी विद्यात यांखेरीज एक विशेष अडचण आढळते. युनिकोडमध्ये 'ॲ' हे एकच अक्षरचिन्ह म्हणून लिहिता येते, तसेच 'अ' व त्यावरील अर्धचंद्र अशी दोन चिन्हे जोडूनही लिहिता येते. 'ऱ'साठीही एक व दोन चिन्हांचे पर्याय आहेत. डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द त्यामुळे संगणकाला भिन्न ठरतात. शोध चुकू नये म्हणून प्रत्येक शोधाच्या वेळी स्तंभातील सर्व नावे एका रूपात आणून तुलना करण्याचा मार्ग काही वेळा पत्करला जातो. उत्तर त्यामुळे बरोबर येते, परंतु प्रत्येक क्वेरीमागे लाखो नावांचे रूपांतर करावे लागते. नोंद करतानाच नावाचे प्रमाणित रूप वेगळ्या स्तंभात साठवून त्यावर इंडेक्स करणे, हा यावरील उपाय होय.

जुनी सांख्यिकी आणि विषम विदा

क्वेरी कोणत्या मार्गाने पूर्ण करावी, हे विदागारातील ऑप्टिमायझर ठरवितो. खर्चाच्या अंदाजावरून मार्ग निवडण्याची पद्धत पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात विकसित करून १९७९ मध्ये मांडली. हा अंदाज साठवलेल्या सांख्यिकीवर, म्हणजे कोणते मूल्य किती नोंदींत आहे याच्या सारांशावर, आधारित असतो. सारांश जुना झाला की मार्गही चुकतो.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा निर्माण झाला. अशी पुनर्रचना संगणकीय विद्यात होते, तेव्हा असंख्य नोंदींचा जिल्हा एका दिवसात बदलतो आणि जुनी सांख्यिकी वस्तुस्थितीपासून तुटते. विदागारे ती आपोआप नवी करतात, पण ठरावीक बदल झाल्यावरच. १ कोटी नोंदींच्या तक्त्यासाठी मूळ मांडणीत पोस्टग्रेएसक्यूएल सुमारे १० लाख बदलांची वाट पाहते. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या नियमानुसार सुमारे २० लाख बदल लागत. २०१६ च्या आवृत्तीपासूनच्या नियमात हा आकडा सुमारे १ लाखावर आला.

विद्यातील विषमता हाही याच गटातील प्रश्न आहे. खान्देशात 'पाटील' हे आडनाव अतिशय प्रचलित आहे, तर काही आडनावे मोजक्याच घरांत आढळतात. विरळ आडनावासाठी इंडेक्सचा मार्ग योग्य ठरतो. 'पाटील'साठी कदाचित सरळ चाळणी स्वस्त पडते. पहिल्या वेळी आलेल्या आडनावासाठी तयार केलेला मार्ग जपून ठेवून पुढे सर्वांसाठी वापरला गेला, तर काल वेगाने चालणारी क्वेरी आज कोणताही बदल न करता मंदावते. बोदवडसारख्या लहान व चाळीसगावसारख्या मोठ्या तालुक्याच्या अहवालांतही हेच घडू शकते.

पुनरावृत्ती

कधी प्रत्येक क्वेरी हलकी असते, परंतु ती अकारण लाखो वेळा चालते. गावातील ५०० खातेदारांची यादी एका क्वेरीने आणून नंतर प्रत्येकाच्या पिकासाठी स्वतंत्र क्वेरी धाडणारा प्रोग्राम एका पानासाठी ५०१ क्वेरी करतो. मूल्ये क्वेरीच्या मजकुरातच गुंफल्यास प्रत्येक क्वेरी विदागाराला नवी वाटते व तिचा मार्ग पुन्हा पुन्हा आखण्यात प्रक्रियक खर्ची पडतो.

विदागाराबाहेरील कारणे

विषाणूरोधक तपासणी, बॅकअपचे संकोचन किंवा त्याच यंत्रावर ठेवलेला दुसरा प्रोग्राम प्रक्रियक व्यापू शकतो. आभासी यंत्रात शेजारच्या यंत्रांचा भार जाणवतो. विंडोज सर्व्हरवर वीज वाचविणारी मांडणी निवडलेली असल्यास प्रक्रियकाची गती कमी राहून वापराची टक्केवारी फुगते.

निदान

निदानाचा क्रम साधारणपणे बाहेरून आत असा असतो.

१. प्रक्रियक कोण वापरत आहे, हे पाहणे. लिनक्सवर 'टॉप' ही आज्ञा, तर विंडोजवर टास्क मॅनेजर हे दाखविते. विदागाराऐवजी दुसराच प्रोग्राम वर दिसल्यास शोध तेथेच संपतो.

२. वेळेचे प्रकार वेगळे करणे. 'टॉप' आज्ञेत प्रोग्रामचा वेळ, कार्यप्रणालीचा वेळ, चकतीसाठी थांबलेला वेळ व यजमान यंत्राने हिरावलेला वेळ स्वतंत्र दिसतो. चकतीची प्रतीक्षा मोठी असेल, तर प्रश्न प्रक्रियकाचा नाही. हिरावलेला वेळ मोठा असेल, तर क्वेरी सुधारून फारसे साधत नाही.

३. काल व आज यांची तुलना करणे. नेहमीच्या दिवसाच्या नोंदी जपलेल्या असतील, तर मागणी वाढली की तेवढ्याच मागणीचा खर्च वाढला, हे कळते. या दोहोंचे उपाय अगदी भिन्न आहेत.

४. सर्वाधिक प्रक्रियक-वेळ खाणाऱ्या क्वेरी शोधणे. यासाठी पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 'पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स', एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून 'क्वेरी स्टोअर' आणि मायएसक्यूएलमध्ये 'परफॉर्मन्स स्कीमा' उपलब्ध आहे. क्रम लावताना एका वेळचा कालावधी न पाहता एकूण वेळ पाहावा. २० सेकंद लागणारी क्वेरी तासातून एकदा चालली, तर २० सेकंद खाते. २० मिलिसेकंदांची क्वेरी तासात १ लाख वेळा चालली, तर २,००० सेकंद खाते. मायएसक्यूएलच्या मंद क्वेरींच्या नोंदवहीत मूळ मांडणीनुसार १० सेकंदांहून अधिक लागणाऱ्या क्वेरीच येतात. दुसऱ्या प्रकारची क्वेरी तिच्यात दिसणारच नाही.

५. अंमलबजावणीचा आराखडा वाचणे. 'एक्सप्लेन' किंवा तत्सम आज्ञेने ऑप्टिमायझरने निवडलेला मार्ग दिसतो. अपेक्षित व प्रत्यक्ष नोंदींच्या संख्येत मोठी तफावत असल्यास सांख्यिकीवर, तर थोड्या उत्तरांसाठी संपूर्ण तक्ता तपासला जात असल्यास इंडेक्सवर संशय घ्यावा.

उपाय

तातडीचा उपाय म्हणजे घातक ठरलेली एखादी क्वेरी रद्द करणे, दिवसा चालणारा अहवाल रात्रीवर ढकलणे किंवा एकाच वेळी स्वीकारायच्या जोडण्यांची संख्या मर्यादित करणे. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करण्याची सवय मात्र अनेकदा अपायकारक ठरते. स्मृतीत गोळा झालेला विदा जातो, जुळलेल्या जोडण्या एकाच वेळी परत येऊन आदळतात आणि अनेक प्रणालींत निदानाचा पुरावाही पुसला जातो. असे केल्याने तात्पुरता आराम मिळाला, तरी कारण तसेच राहते.

कायमचा उपाय निदानानुसार ठरतो : योग्य इंडेक्स करणे, क्वेरी नव्याने लिहिणे, सांख्यिकी ताजी करणे, वारंवार लागणारी व क्वचित बदलणारी उत्तरे वेगळी साठवून ठेवणे, केवळ वाचनासाठी विदागाराची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवणे.

यंत्र मोठे करणे आणि क्वेरी सुधारणे यांतील फरक पुढील उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, इंडेक्स नसलेली एक शोधक्वेरी एका कोअरचे २ सेकंद घेते. ८ कोअरचा सर्व्हर सेकंदाला अशा ४ क्वेरी पूर्ण करू शकतो. मागणी सेकंदाला ५ झाली, तर प्रक्रियक १०० टक्क्यांवर जातो आणि दर सेकंदाला एक माणूस रांगेत वाढतो. १० मिनिटांत ६०० जण ताटकळतात. १६ कोअरचे यंत्र घेतल्यास क्षमता सेकंदाला ८ क्वेरींची होते. मागणी ५ असेपर्यंत वापर सुमारे ६३ टक्के राहतो, पण मुदतीच्या दिवशी ती ९ झाली की तीच स्थिती परत येते. इंडेक्समुळे तीच क्वेरी २ मिलिसेकंदांत होऊ लागली, तर मूळ ८ कोअरचा सर्व्हर सेकंदाला ४,००० क्वेरी पूर्ण करू शकतो. सेकंदाला ५ क्वेरींसाठी त्याचा वापर १ टक्क्याच्या आतच राहतो.

याचा अर्थ इंडेक्स फुकट मिळतो असा नव्हे. प्रत्येक नवी नोंद किंवा बदल होताना सर्व संबंधित इंडेक्स अद्ययावत करावे लागतात. ई-पीक पाहणीसारख्या, हंगामात मोठ्या प्रमाणावर नोंदी स्वीकारणाऱ्या प्रणालीत अनावश्यक इंडेक्स स्वतःच भार ठरतात. तसेच क्वेरी निर्दोष असून मागणीच खरोखर वाढलेली असेल, तर यंत्राची क्षमता वाढविणे हाच योग्य उपाय असतो.

प्रतिबंध

मागणीचा हंगाम आधी ठाऊक असतो, ही अशा सार्वजनिक प्रणालींची जमेची बाजू आहे. खरिपाच्या मुदतीपूर्वी किंवा निकालापूर्वी अपेक्षित गर्दीच्या प्रमाणात कृत्रिम भार टाकून चाचणी घेता येते. चाचणीचा विदा खऱ्याइतकाच मोठा व विषम असावा लागतो. १,००० नोंदींवर कोणतीही क्वेरी वेगवान भासते. नेहमीच्या दिवसाचे मोजमाप जपून ठेवणे, वापर ठरावीक मर्यादेपलीकडे जाताच सूचना मिळण्याची सोय करणे, गर्दीच्या दिवसांत प्रणालीत बदल टाळणे आणि प्रत्येक बिघाडाचे कारण व उपाय लिहून ठेवणे, हे इतर प्रतिबंधक मार्ग होत.

हेही पाहा

विदागार व्यवस्थापन प्रणाली
बी-ट्री
रांगांचा सिद्धान्त
सातबारा उतारा
युनिकोड